महाबळेश्वरच्या बाजारात भेटवस्तूंचे दुकान

महाबळेश्वरच्या बाजारपेठेत पर्यटकांसाठी भेटवस्तूंचे दुकान थाटणाऱ्याला वर्ष बारा महिन्यांचे धरून चालत नाही. दिवाळी, नाताळ आणि एप्रिल-मे हा खरा सीझन. जूनमध्ये पावसाने जोर धरला की गिऱ्हाईक तुरळक होते. म्हणून जागा घेतानाच हिशेब मांडावा लागतो. समजा, वर्षाचे भाडे २ लाख ४० हजार रुपये आणि भरघोस विक्रीचे दिवस १२०. तर अशा प्रत्येक दिवशी नुसत्या भाड्यापोटी २,००० रुपये बाजूला पडायला हवेत. वीज, नोकराचा पगार आणि मालाचे पैसे वेगळे.

दुसरा प्रश्न मालाचा. घाऊक बाजारातून आणलेली कीचेन आणि मॅग्नेट शेजारच्या दुकानांतही टांगलेली असतात. तिथे घासाघीस होते आणि नफा आटतो. त्यावर सोपा उपाय म्हणजे कोरी लाकडी कीचेन ठेवून गिऱ्हाइकासमोर नाव लिहून देणे. न खपलेली नावे पडून राहत नाहीत.

परिसरातल्या मालाला मात्र स्वतःची ओळख असते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ताजे फळ लवकर नासते, त्यामुळे वर्षभर जॅम आणि क्रश चालतात. जवळचे मांघर २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. कोल्हापुरी चपलेच्या मानांकनात सातारा आणि सांगली हे जिल्हेही येतात. सांगलीची हळद आणि बेदाणे यांनाही मानांकन आहे. असा माल नोंदणीकृत उत्पादकाकडूनच, पक्क्या बिलावर घ्यावा. साताऱ्याचे कंदी पेढे मात्र फार दिवस टिकत नसल्याने थोडेथोडेच मागवावेत.

पावसाळ्यात दमट हवेने चामड्याला बुरशी येते. उरलेल्या चपला नीट सुकवून, कागदात गुंडाळून, जमिनीपासून उंच फळीवर ठेवाव्या लागतात.

कागदपत्रे फार नाहीत. मोजकेच कामगार असलेल्या दुकानाला राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार ऑनलाइन सूचना देणे पुरते. खाद्यपदार्थ विकायचे तर अन्नसुरक्षा नोंदणी हवी. पाकिटावर वजन, कमाल किंमत, उत्पादकाचे नाव आणि तारीख छापलेली आहे ना, हे माल उतरवून घेतानाच पाहावे. राज्यात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी असल्याने कागदी किंवा कापडी पिशव्यांचा खर्चही किमतीत धरावा.

मे संपताना गल्ल्यात पावसाळ्यापुरता पैसा आणि फळीवर कमीत कमी माल उरला, तरच दुकान नीट चालले म्हणायचे.