बऱ्हाणपूरच्या पोटातले पाणी

सहलीचे दिवस आले की शाळाशाळांतून एकच प्रश्न निघतो : कुठे जायचे आणि वर्गणी किती? मोठ्या शहराचे नाव निघाले की वर्गणीचा आकडा असा फुगतो, की वर्गातील काही मुले घरी विचारतही नाहीत. रावेर परिसरातील शिक्षकांना आम्ही एक सोपा मार्ग सुचवू इच्छितो. एके काळचे एक फार मोठे शहर आपल्या उंबरठ्यावरच आहे. मोगलांचा दख्खनचा कारभार तेथून चाले. इंग्रजांचा वकील टॉमस रो १६१५ मध्ये शहजादा परवेझला भेटायला तेथेच आला होता. हे शहर म्हणजे बऱ्हाणपूर. रावेरहून रेल्वेने ते वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. गाडीचे तिकीट, घरची भाजी-भाकरी, वही आणि सुतळीचा गुंडा एवढ्यावर एक दिवसाची सहल होते.

बहुतेक सहली तापीकाठचा शाही किल्ला आणि त्यातील हमाम पाहून परततात. मुमताज महलचा मृत्यू १६३१ मध्ये याच शहरात झाला, हे मुलांना माहीत असते. किल्ला पाहावाच, पण विज्ञानाच्या व गणिताच्या दृष्टीने महत्त्वाची अशी दोन ठिकाणे सहसा राहून जातात.

पहिले ठिकाण गावातील जामा मशीद. फारुकी सुलतान आदिलशहा याने ती बांधली. तिच्यात अरबीबरोबर चक्क एक संस्कृत शिलालेख आहे आणि त्यात बांधकामाचा काळ संवत १६४६ व शके १५११ असा दिला आहे. नमाजाची वेळ टाळून, परवानगी घेऊन तो पाहावा. मग मुलांना वजाबाकी करू द्यावी. फरक १३५ येतो. संवत आणि शक यांत नेहमीच असतो तेवढाच. शकात ७८ मिळवले की १५८९ मिळतात. पण लेखातील महिना पौष आहे, म्हणजे इसवी सन बदलून १५९० चा जानेवारी लागलेला असणार. कालगणनेचा पाठ एका दगडावर पुरा होतो.

दुसरे ठिकाण रेल्वे स्थानकाच्या बाजूला, लालबाग भागात आहे. त्याचे नाव कुंडी भंडारा. काही लोक खूनी भंडाराही म्हणतात. वरून पाहिले तर माळावर एका ओळीत विहिरींची तोंडे दिसतात. या विहिरी, म्हणजे कुंड्या, खाली सुमारे ऐंशी फुटांवर एका बोगद्याने जोडलेल्या आहेत. जहांगीरच्या काळात, अब्दुल रहीम खानखानान सुभेदार असताना, १६१५ च्या सुमारास हे काम झाले. इराणमध्ये अशा बोगद्यांना कनात म्हणतात. शहरासाठी अशा आठ जलयोजना होत्या. त्यांपैकी काही नष्ट झाल्या. २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत या भंडाऱ्याचा समावेश झाला.

पंप नाही, मोट नाही, मग पाणी शहरात येई कसे? सातपुड्यावर पडलेला पाऊस पायथ्याशी जमिनीत मुरतो आणि भूजल होऊन उताराने तापीकडे सरकू लागतो. बोगदा या वाहत्या पाण्याला मध्येच गाठतो. त्याचा उतार जमिनीच्या उतारापेक्षा किंचित कमी ठेवलेला असतो. त्यामुळे वरच्या टोकाला तो भूजलाच्या पातळीखाली असतो, तर खालच्या टोकाला जवळजवळ जमिनीलगत येतो. मधल्या कुंड्या खोदाईची माती काढण्यासाठी आणि हवा खेळती राहण्यासाठी.

येथे मुलांनी लागोपाठच्या कुंड्यांमधील अंतर पावलांनी मोजावे व नकाशा काढावा. गवंड्याकडील पाण्याची नळी नेली तर जमिनीचा उतारही मोजता येतो. खाली उतरण्यासाठी लिफ्टची सोय केलेली आहे. ती चालू आहे का, याची आधी चौकशी करावी. उतरता आले तर वरच्या व खालच्या हवेचे तापमान घ्यावे आणि भिंतींवर साठलेला क्षारांचा पांढरा थर पाहावा. खोली मोजण्यासाठी कुंडीत दगड टाकू नयेत, आणि कठड्यापासून मुलांना दूर ठेवावे.

आता मुद्द्याचा प्रश्न. हाच सातपुडा रावेर-यावलच्याही डोक्यावर आहे. डोंगरातून येणाऱ्या नाल्यांनी पायथ्याशी दगडगोट्यांचा आणि वाळूचा जाड थर पसरला आहे. त्याला भूशास्त्रात बझाडा म्हणतात. आपल्या केळीच्या बागा याच थरातल्या पाण्यावर उभ्या आहेत. पण बोगदा आणि कूपनलिका यांत एक मूलभूत फरक आहे. बोगद्यात जेवढे पाणी पाझरेल तेवढेच बाहेर येते. पातळी खाली गेली की तो आपोआप आटतो. कूपनलिकेला ही मर्यादा नाही. पाणी खाली गेले की आपण पाइप वाढवतो. रावेर आणि यावल हे तालुके अतिउपशाच्या तालुक्यांत गणले गेले, ते यामुळेच. पावसाचे पाणी याच पट्ट्यात मुरवण्यासाठी तापी महापुनर्भरण योजनेचा करार महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी मे २०२५ मध्ये केला. योजना पुरी होईल तेव्हा होईल. उपसा मात्र रोज चालू आहे.

म्हणून सहलीनंतर मुलांना एक गृहपाठ द्यावा. प्रत्येकाने घरी आजोबांना विचारावे : तुमच्या वेळी विहिरीला किती हातांवर पाणी लागे? मग वडिलांना विचारावे : आज कूपनलिका किती फूट आहे? वर्गातील सर्व आकडे एका आलेखावर मांडावेत. एका अक्षावर साल, दुसऱ्यावर खोली. हात आणि फूट यांचे मीटरमध्ये रूपांतर मुलेच करतील. तो आलेख वर्गात टांगावा आणि पुढच्या वर्षीच्या वर्गाने त्यात आपले आकडे भरावेत.