दुधाची घनता

घनतेची व्याख्या विद्यार्थ्यांस बहुधा तोंडपाठ असते : वस्तुमानास घनफळानें भागलें असतां घनता मिळते. परंतु हा भागाकार कोणत्या प्रश्नाचें उत्तर देतो व कोणत्या प्रश्नाचें देत नाहीं, हें ज्यास उमगलें त्यासच ती व्याख्या समजली असें आम्ही म्हणूं. घरोघर येणाऱ्या दुधाचेंच उदाहरण घेऊं.

रिकामें मोजपात्र प्रथम तोलावें. त्यांत बरोबर १०० घनसेंटिमीटर दूध ओतून पुन्हां तोलावें. दोन वजनांतील अंतर हें दुधाचें वस्तुमान होय. तें १०३ ग्रॅम भरलें, तर १०३ ÷ १०० = १.०३, अर्थात् दर घनसेंटिमीटरास १.०३ ग्रॅम ही त्या दुधाची घनता झाली. पाण्याची घनता सुमारें १ असते. दुधांत साखर, क्षार व प्रथिनें असल्यामुळें तें पाण्याहून किंचित् जड भरतें.

आतां या दुधांत २० घनसेंटिमीटर पाणी मिसळलें असें समजूं. वस्तुमान १२३ ग्रॅम, घनफळ १२० घनसेंटिमीटर. म्हणून घनता १.०२५. आंकडा उतरला व भेसळ उघडकीस आली. लॅक्टोमीटर नांवाचें उपकरण हेंच तोलल्यावांचून दाखवितें. पाणी मिसळलेल्या दुधांत तें अधिक खोल बुडतें.

परंतु दुधांतील स्निग्धांश पाण्याहूनहि हलका असतो. त्यामुळें मलई काढून घेतली कीं उरलेल्या दुधाची घनता वाढून सुमारें १.०३५ होते. अशा १०० घनसेंटिमीटर दुधांत १५ घनसेंटिमीटर पाणी घातलें, तर वस्तुमान ११८.५ ग्रॅम, घनफळ ११५ घनसेंटिमीटर, आणि घनता पुन्हां १.०३ ! मलई गेली, पाणी आलें, तरी आंकडा अस्सल दुधाचाच. लेंकराच्या वाट्यास मात्र पातळ दूध.

मग गणित खोटें काय? मुळींच नाहीं. दर घनसेंटिमीटरांत वस्तुमान किती, एवढेंच आपण त्यास विचारलें होतें; त्यांत कायकाय आहे, हें विचारलेंच नव्हतें. त्यासाठीं निराळी परीक्षा हवी. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे स्टीफन बॅबकॉक यांनीं १८९० सालीं अशी एक रीत प्रसिद्ध केली. दुधांत गंधकाम्ल मिसळून बाटली यंत्रानें वेगानें फिरविली, म्हणजे स्निग्धांश सुटा होऊन तिच्या अरुंद मानेंत चढतो व तेथील खुणांवर मोजतां येतो. घनता व स्निग्धांश या दोन साक्षी एकत्र घेतल्या, कीं वरील लबाडी लपत नाहीं.

पालकांस एक विनंति. मुलांनीं घरीं दूध तोलावयाचें म्हटलें तर त्यांस अवश्य तोलूं द्यावें. आम्लाचा प्रयोग मात्र प्रयोगशाळेंत शिक्षकांसमोरच व्हावा. दूध निवलेलें व नीट ढवळलेलें असावें आणि फेंस बसलेला असावा. नाहींतर उत्तर चुकतें. शिवाय गाय-म्हैस व चारा यांप्रमाणेंहि घनतेंत थोडा फरक पडतो. म्हणून एकदां आंकडा कमी आला एवढ्यावरून गवळ्यावर आळ घेऊं नये. खोटें माप जसें पाप, तशीच खोटी साक्षहि.