काळ्या डबीचा हिशोब

धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. साहजिकच रस्त्याकडेला ढाब्यांच्या जोडीला टायरवाले आणि ऑटो इलेक्ट्रिकची दुकानं असतात. रावेर-यावलकडची केळी घेऊन रात्रभर पळणाऱ्या पिकअपवाल्याची मागणी ठरलेली: "भाऊ, लाइट वाढवून दे." मग फॉग लॅम्प, जोरदार हॉर्न, केबिनमध्ये पंखा. (एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत बसत नाही, पण घाटात हे कोण ऐकतो?)

खरा प्रश्न आकड्यांचा आहे. हेडलाइटचा नेहमीचा हॅलोजन बल्ब ६०/५५ वॅटचा. अप्परला दोन्ही मिळून १२० वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर १० अँपिअर. त्याजागी १०० वॅटचे बल्ब लावले की करंट १६ च्या पुढे जातो. वायर आणि स्विच मात्र जुनेच. स्विचचे पॉइंट तापतात, बल्बचं सॉकेट करपतं, आणि एवढं करून उजेडही पुरता पडत नाही. बल्बपर्यंत पोचताना व्होल्टेज दहा टक्के घटलं, तर हॅलोजनचा उजेड साधारण तीस टक्के कमी होतो. म्हणून मला विचाराल तर बल्ब तोच ठेवावा आणि त्याला पुरतं व्होल्टेज द्यावं. समोरून येणाऱ्याचे डोळेही वाचतात.

हे काम करते ती रिले नावाची काळी डबी. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर ज्याने पाहिलाय त्याला ती नवी वाटणार नाही. हिरव्या बटणातून मोटारीचा भार जात नाही. बटण फक्त कॉइल जागी करतं आणि आतला कॉन्टॅक्टर भार उचलतो. रिले हा त्याचाच धाकटा भाऊ. ८५ आणि ८६ या पिनांमध्ये कॉइल, तिला ०.१५ ते ०.२ अँपिअर पुरतात. ३० वर बॅटरीची वायर, ८७ वरून बल्बाकडे. हे आकडे जर्मन मानकातून आले आणि खानदेशातल्या पोराटोरांनाही पाठ झाले. हेडलाइटची जुनी वायर आता फक्त कॉइल चालवते. अप्पर आणि डिपरसाठी दोन वेगळे रिले घ्यावेत.

रिले लावला म्हणजे गाडी सुरक्षित झाली, हा समज मात्र घातक आहे. रिले संरक्षण देत नाही, ते काम फ्यूजचं. त्यातही फ्यूज कुठे बसवला याला फार महत्त्व आहे. तो बल्बजवळ बसवला आणि बॅटरीजवळच वायर बॉडीला घासून सोलली, तर फ्यूज शाबूत राहतो आणि वायर पेटते. म्हणून फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा. १० अँपिअरच्या भाराला १५ चा फ्यूज आणि अडीच चौरस मिलिमीटरची वायर चालते. उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणारा कारागीर दिसला, तर दुकान बदला.

बाकी बारीकसारीक. पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट, जोडाला नुसत्या टेपऐवजी दाबून बसवलेलं थिंबल, रिलेच्या पिना खाली, म्हणजे पाणी साचत नाही. ट्रक २४ व्होल्टचा असेल तर रिलेही २४ चाच. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर असतो. कॉइल बंद होताना उलटा झटका मारते, तो शोषणारा डायोड किंवा रेझिस्टर असलेला रिले घ्यावा. डायोडवाल्याला प्लस-मायनस उलटं चालत नाही.

काम झाल्यावर लाइट दहा मिनिटं चालू ठेवून प्रत्येक जोडाला हात लावून बघायचा. मग मीटरची एक सुई बॅटरीच्या प्लसवर, दुसरी बल्बच्या प्लसवर. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर कुठेतरी जोड कच्चा आहे.