रेड वाइनसोबत मटण: नियमामागचं कारण शोधा

'रेड वाइनसोबत मटण' हा नियम तुम्ही ऐकला असेल. पण का, हे कधी विचारलंत? फ्रान्समधल्या बोर्डोची रेड वाइन मुख्यतः मर्लो आणि आता नाशिकलाही पिकणाऱ्या काबर्ने सोव्हिन्यों द्राक्षांची. तिच्यातली टॅनिन्स लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, म्हणून कोऱ्या चहासारखा तुरटपणा जाणवतो. मटणातली प्रथिनं आणि चरबी तो कमी करतात.

मग राजूरच्या झणझणीत रश्श्यासोबत ती जमेल? अवघड आहे. मिरचीतलं कॅप्सायसिन तोंडातल्या ज्या रिसेप्टरला चेतवतं, त्यालाच अल्कोहोलही चेतवतं, जळजळ वाढते. मांस तेच, पण मसाला बदलला की नियम डळमळतो.

रिसर्च प्रपोजल लिहिताना हेच विचारा: हा नियम कोणत्या परिस्थितीत तपासलाय, आणि माझ्याकडे त्यातलं काय वेगळं आहे?