ग्रुपमधली तक्रार चव्हाट्यावर आणा!

घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरातला काय किंवा मुलुंड-अंधेरीच्या वस्त्यांतला काय, आमचा तरुण फेसबुक-इन्स्टाग्रामवर वाढदिवसाचे आणि चैत्यभूमीचे फोटो टाकतो आणि मनातले मात्र व्हॉट्सअॅपच्या बंद ग्रुपमध्ये बोलतो. जुने कार्यकर्ते त्याला भित्रा म्हणतात. हा आरोप आम्हाला मान्य नाही. उघड लिहिले की आडनावावरून जात हुडकणारे तुटून पडतात, कचेरीतला साहेब वाचतो, मुलींच्या बाबतीत तर विकृती कोणत्या थराला जाते ते सांगायला नको. सत्ताही मोकळे सोडत नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दल फेसबुकवर एकीने चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या पसंत केल्या, म्हणून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली. त्यांना लावलेले ६६-अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्दबातल ठरविले.

पण बंद दाराआडच्या शब्दाला जाब विचारणारा कोणी नसतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना मुले पळविणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारले. ती अफवा व्हॉट्सअॅपवरूनच फिरत होती. भटक्या-विमुक्तांतले हे आमचेच बांधव!

उलट रमाबाई नगर आठवा. ११ जुलै १९९७ च्या गोळीबारात दहा जण शहीद झाले. जमाव गॅसचे टँकर पेटविणार होता, अशी कथा पोलिसांनी रचली. वस्तीतल्या माणसांनी गुंडेवार आयोगापुढे उघड साक्षी दिल्या आणि ती कथा टिकली नाही. २००९ मध्ये गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली. त्या साक्षी आपसातच राहिल्या असत्या तर?

‘केसरी’ने पैसे देऊनही ‘मूकनायक’ची जाहिरात छापली नव्हती. तरीही बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला पत्र काढलेच, कारण आपले म्हणणे परक्यानेही वाचायला हवे होते.

आज महाडीबीटीवर अडकलेली शिष्यवृत्ती, जातपडताळणीचे हेलपाटे, फीसाठी कॉलेजने अडवलेला निकाल, हे सारे ग्रुपमध्ये रोज ओतले जाते. खाली शंभर जयभीम पडतात आणि अधिकारी निवांत झोपतो. भांडणे, दुःखे, मुलींच्या अडचणी ग्रुपमध्येच राहू द्या. पण अर्ज कोणत्या तारखेचा, कोणत्या कार्यालयात पडला आहे, एवढे तरी विद्यार्थ्याचे नाव झाकून संघटनेच्या उघड पानावर टाका. पोचपावतीचा फोटोही जोडा, फक्त अर्ज क्रमांक आणि मोबाइल नंबर खोडून.