लाकडी ठशांवरची जपानी रात्र

जपानी काष्ठठसा चित्रांच्या एका प्रसिद्ध शैलीला 'उकियो-ए' म्हणतात. चित्रकार रेखाटन करी, कोरक्या ते चेरीच्या फळ्यांवर कोरी आणि छापणारा प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा वापरी.

रात्रीच्या आकाशाची खरी कसोटी छापणाऱ्याच्या हाताची. ओल्या फळीच्या कडेला गडद रंग लावून तो ब्रशने खाली विरळ करत नेला, की माथ्यावर काळोख आणि क्षितिजाकडे उजेड उमटे. या छटाकामाला 'बोकाशी' म्हणत. १८३० च्या सुमारास युरोपातून आलेल्या प्रशियन निळ्या रंगाने आकाशाला खोली दिली. चंद्र बहुधा छापलाच जात नसे. गोल भाग कोरा सोडला, की कागदाचा पांढरेपणाच चांदणे होई.

चित्रकार हिरोशिगे यांच्या १८५७ च्या एका चित्रात वर्षाच्या शेवटच्या रात्री, चांदण्यांनी भरलेल्या आकाशाखाली, पर्णहीन झाडाशी कोल्हे जमले आहेत आणि प्रत्येकाजवळ ज्योत तेवते आहे. त्या ज्योतींवरून शेतकरी पुढच्या पिकाचा अंदाज बांधत, अशी लोकसमजूत होती. पुढे चित्रकार योशितोशी यांनी १८८५ ते १८९२ या काळात चंद्राभोवती गुंफलेली १०० चित्रांची मालिका केली.