लक्ष कोणत्या भाषेत मोजायचं?

मे २०२४ मध्ये अभिनेते फहाद फासिल यांनी एक्केचाळिसाव्या वर्षी आपल्याला एडीएचडीचं, म्हणजे अवधानाचा अभाव आणि अतिचंचलता या विकाराचं, निदान झाल्याचं सांगितलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात आलिया भट एका मुलाखतीत स्वतःबद्दल तसंच बोलल्या. तेव्हापासून ‘मलाही असेल का?’ असं मोठी माणसंही उघडपणे विचारू लागली, ते चांगलंच झालं. पण ही चर्चा मुंबई-पुण्याच्या दवाखान्यांत अडकून पडली आहे. मला ती तलमडुगुपर्यंत न्यायची आहे.

मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावर किनवट मागे पडलं की पुढे तलमडुगु येतं. राज्य तेलंगण, शिवारात कापूस, घरात कुठे मराठी, कुठे गोंडी, कुठे तेलुगू. आदिलाबाद जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत. पण २०२२-२३ पासून राज्याने सरकारी शाळांत पहिली ते आठवी इंग्रजी माध्यम आणायचं ठरवलं. आता घरी मराठीच ऐकत वाढलेलं सात वर्षांचं पोर डोळ्यांसमोर आणा. समोर इंग्रजी पुस्तक, समजावणं तेलुगूतून. ते खिडकीबाहेर बघतं, शेजारच्याला डिवचतं, फळ्यावरचं अर्धंच उतरवतं. घरी निरोप जातो, ‘पोराचं ध्यान नाही.’ ध्यान नाही, की बोललेलंच कळत नाही?

या प्रश्नाचं उत्तर निदानाच्या निकषांतच आहे. जगभर वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-५ या २०१३ च्या नियमावलीत अवधानाच्या अभावाची ९ आणि अतिचंचलता-उतावळेपणाची ९ लक्षणं दिली आहेत. मुलांमध्ये यांपैकी एका गटातली किमान ६ लक्षणं सहा महिने टिकलेली हवीत, ती बाराव्या वर्षाआधी दिसलेली हवीत, त्यांनी रोजच्या जगण्यात अडथळा आणलेला हवा आणि काही लक्षणं किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. ही शेवटची अट सीमाभागातल्या मुलासाठी सगळ्यात मोलाची आहे. फक्त परक्या भाषेच्या वर्गात हरवणारं मूल या व्याख्येत बसत नाही.

मात्र घरची परीक्षाही नीट घ्यायला हवी. ‘मोबाइलवर दोन तास खेळतो, मग याला कसला आजार?’ हा युक्तिवाद टिकत नाही. आवडीच्या, क्षणोक्षणी बक्षीस देणाऱ्या गोष्टीत एडीएचडी असलेलं मूलही गुंगून जातं. कंटाळवाण्या कामात काय होतं ते बघायचं. त्याच्याच बोलीत तीन वस्तू आणायला सांगितल्या, तर एक आणून दुसरी वाटेतच विसरतो का? जेवताना ताटावरून चारदा उठतो का? चप्पल, पाटी, दप्तर रोजच हरवतं का? त्याआधी कान, डोळे, झोप आणि रक्तातलं लोह तपासलेलं असावं. काही क्षण शून्यात बघत राहणारं मूल फिटचं असू शकतं, हेही डॉक्टरांना सांगावं.

याची उलट चूकही तितकीच घातक. ‘भाषा आली की सुधारेल’ म्हणत वर्षं निघून जातात, आणि ज्याला खरोखर एडीएचडी आहे त्याच्या वाट्याला फक्त मार येतो. मुलींचं तर आणखी कठीण. त्या बहुधा धावपळ करत नाहीत, गप्प बसून हरवतात, म्हणून कुणाच्या नजरेतच येत नाहीत. जगभरचे अंदाज धरले तर शंभरातल्या सुमारे पाच मुलांना हा त्रास असतो. जुळ्यांच्या अभ्यासांतून त्याची आनुवंशिकता ७० टक्क्यांहून जास्त दिसते. २००७ मध्ये फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांना आढळलं, की मेंदूच्या बाह्यपटलाची जाडी इतर मुलांत साधारण साडेसातव्या वर्षी कमाल होते, तर या मुलांत साडेदहाव्या वर्षी. आईच्या लाडांनी असं होत नाही. हे आयांना स्पष्ट सांगायला हवं, कारण घरात बोल त्यांनाच लागतो.

सरकारी कागदावर ही मुलं आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरहून सुरू झाला. त्यात तपासायच्या ३० स्थितींच्या यादीत एडीएचडीचं नाव आहे. फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. अडचण अशी, की नवा माणूस, नवं वातावरण, समोरासमोर बोलणं असलं की अशा मुलाची लक्षणं बऱ्याचदा दबतात. डॉक्टरांपुढे ते शहाण्यासारखं बसतं. त्यामुळे पथकाच्या काही मिनिटांवर विसंबून चालणार नाही. वर्गशिक्षकाने सहा महिने ठेवलेली साधी नोंद आणि घरच्या माणसाशी घरच्या भाषेत झालेलं बोलणं, या दोन गोष्टी पथकाच्या हाती आधीच असाव्यात. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, मराठी आणि गोंडी जाणणारी एक आशाताई बरोबर बसली तरी पुरे.

निदानानंतरची वाट मात्र मला अस्वस्थ करते. मिथाइलफेनिडेट हे औषध १९४४ मध्ये तयार झालं आणि या विकारात सर्वाधिक अभ्यासलं गेलं. आपल्याकडे ते ‘शेड्यूल एक्स’मध्ये मोडतं. दुकानदाराला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत त्याला दोन वर्षं जपावी लागते. गैरवापर रोखायला हे बंधन योग्यच आहे, पण त्यामुळे बहुतेक दुकानदार ते ठेवतच नाहीत. आदिलाबादहून नागपूर सुमारे २०० किलोमीटर, हैदराबाद ३०० च्या आसपास. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून दर महिन्याला हा प्रवास कोण करेल? जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात हे औषध नियमित मिळायलाच हवं. औषध म्हणजे सर्व काही नव्हे, हेही खरं. अमेरिकेतल्या ५७९ मुलांवरच्या एमटीए अभ्यासात १४ महिन्यांनी नीट देखरेखीखालचं औषध नुसत्या वर्तनोपचारापेक्षा सरस ठरलं. पण तिसऱ्या वर्षापर्यंत गटांमधला फरक उरला नाही.

आणि मुलाला घेऊन आलेल्या बापाकडेही डॉक्टरांनी बघावं. आनुवंशिकता इतकी मोठी असेल तर हप्त्याच्या तारखा चुकवणारा, अर्धी कामं टाकून उठणारा, मोटारसायकल भरधाव हाकणारा तो माणूसही तपासणीला पात्र आहे. सतरा वर्षांपुढे सहाऐवजी पाच लक्षणं पुरतात. काय करायचं ते या माणसांना माहीत असतं, पण माहीत असलेलं वेळेवर हातून होत नाही, असं मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कले गेली अनेक वर्षं सांगत आले आहेत. त्यांचा जुळा भाऊ २००६ मध्ये मोटार अपघातात गेला. त्या मृत्यूमागे एडीएचडी होता, असं ते जाहीरपणे सांगतात. स्वीडनमधल्या २०१४ च्या एका मोठ्या अभ्यासात, औषध चालू असलेल्या काळात एडीएचडी असलेल्या पुरुषांच्या गंभीर वाहन अपघातांचा धोका ५८ टक्क्यांनी कमी दिसला. मुलाच्या चिठ्ठीबरोबर बापालाही चार प्रश्न विचारायला डॉक्टरांना पाच मिनिटं लागतील. ते प्रश्न मराठीत विचारले, तर तो खरी उत्तरं देईल.